भारद्वाजाचा नैवेद्य

शिवगंगाअक्कांनी हात जोडले ते आपल्याला, असं ज्योत्स्नाबाईंना वाटलं आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

फेब्रुवारीतली सकाळ होती. ज्योत्स्नाबाई अंगणात जास्वंदीला पाणी घालत होत्या. समोरच्या घरच्या शिवगंगाअक्का देवळातून परत येताना फाटकाशी थबकल्या, पिशवी कोपराला अडकवली आणि डोळे मिटून दोन्ही हात कपाळाला लावले. लातुरात या गल्लीत घर बांधून ज्योत्स्नाबाईंना बारा वर्षं झाली होती. एवढ्या मनापासून नमस्कार अक्कांनी कधी केला नव्हता. ज्योत्स्नाबाईंनी पाइप खाली टाकला, ओले हात पदराला पुसले आणि घाईघाईने आपणही हात जोडले. "या की अक्का. आत या ना."

अक्कांनी डोळे उघडले आणि जरा वैतागल्याच. "थांबा ओ सिस्टर. हलू नका. मागं भारद्वाज हाय तुमच्या."

मागं वळून बघितलं तर खरंच. कोयनेलच्या कुंपणाच्या बुडाशी तो उभा होता. कावळ्याएवढा, काळाभोर, पंख तांब्याच्या भांड्यासारखे, डोळा लालभडक. चोचीत गोगलगाय धरलेली. त्यानं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं बघितलं आणि जेवणानंतर शतपावली घालावी तसा सावकाश चालत कुंपणात शिरला.

"सकाळच्या पारी दर्शन म्हंजे लई शुभ असतंय," अक्का म्हणाल्या. "रोज येतो का हो?"

"हो, रोज येतो."

"मंग मी बी येत जाईन." एवढं बोलून अक्का आपल्या घरात गेल्या.

झालं. दिवसभर ज्योत्स्नाबाईंच्या डोक्यात ते एकच वाक्य. मी बी येत जाईन. भाजी निवडताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. आता कुणी म्हणेल, त्यात एवढं काय? शेजारीण येते म्हणाली, बस्स. ज्यांच्याकडं शेजारणी येतात त्यांना त्यात काही वाटणार नाही, हे खरंच आहे.

ज्योत्स्नाबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी गल्लीला त्या 'सिस्टर'च. गल्लीत कुणी अक्का होतं, कुणी काकू, कुणी मावशी, कुणी वहिनी. यांना मात्र लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे सिस्टर म्हणत. कुणाचं बीपी तपासायचं असलं की सिस्टर, कुणाची पट्टी बदलायची असली की सिस्टर. करोनात अक्कांचे मालक चन्नबसप्पा अप्पा दवाखान्यातून घरी आले आणि त्यांना दोन्ही वेळा सुई टोचायची होती, तेव्हा त्यांच्या सख्ख्या भावानं फोन उचलला नाही. सिस्टर गेल्या. अप्पांच्या पलंगाशी बसल्या, त्यांचं अंग पुसलं, चादर बदलली. तेव्हा घर कसं, माणूस कोण, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. अप्पा बरे झाले आणि सगळ्यांना पुन्हा सगळं ध्यानात आलं.

तोंडानं कुणी काही म्हणत नसे, हे मात्र सांगायला पाहिजे. कोण म्हणेल? शिकलेली, दुकानं-नोकऱ्या असलेली गल्ली. फक्त 'चहा घ्या' म्हटलं की सोमवार असायचा. सोमवार नसला की चहा नुकताच झालेला असायचा. नुकताच झालेला नसला की शुगर वाढलेली असायची. दिवाळीचं ताट पाठवलं की 'कशाला त्रास घेतला' म्हणत घेतलं जायचं आणि दुपारी तेच अनारसे गल्लीतल्या कामवालीच्या पिशवीतून बाहेर पडायचे. ते ज्योत्स्नाबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं होतं. उघड्या दारातून त्यांच्या हॉलमधला बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो थेट रस्त्यावरून दिसायचा. त्यांच्या मनात कधीकधी यायचं, फोटो आतल्या खोलीत लावावेत का. मनात आलं म्हणून मग स्वतःचीच इतकी लाज वाटायची की त्या दिवशी फोटोंना नवा हार आणायच्या.

नवरा रविकांत. आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवायचे, तेही निवृत्त. त्यांना गल्लीचं काही पडलेलं नव्हतं. गल्लीत प्रत्येकानं घरावर मजले चढवले आणि मेडिकलच्या नीट परीक्षेला बसणाऱ्या पोरापोरींना खोल्या दिल्या. अंगण म्हणून जे काही होतं ते सगळ्यांनी फरशी घालून संपवलं. यांनी मात्र अंगण ठेवलं. शेवगा, लिंबोणी, डाळिंब, पपई आणि रस्त्याच्या बाजूनं डोक्याएवढं उंच, दाट कोयनेलचं कुंपण. फुटक्या माठाच्या तळात पाणी. त्यामुळं सबंध गल्लीतली पाखरं यांच्याकडं. बुलबुल, दयाळ, शिंजीर, कलकलाट करणारे सातभाई आणि लिंबोणीच्या पानात घर शिवणारा शिंपी. पुण्याच्या लेकीनं, संघमित्रानं, बापाला दुर्बीण घेऊन दिली होती. ती गळ्यात अडकवून रविकांत सकाळपासून ओट्यावर. खिडकीतून ज्योत्स्नाबाईही बघत. बोलायला शेजारीण नसली की बाईमाणूस पाखरांशी बोलतं. शिंपिणीला त्या रोज विचारायच्या, झालं का गं घर?

अक्कांच्या नमस्काराची गोष्ट त्यांनी दुपारी नवऱ्याला सांगितली. रविकांत हसले.

"आमच्या मुखेडकडं त्याला कुंभारकावळा म्हणतेत. कुणी हात बी जोडत न्हाई आन् काय बी न्हाई. मागच्या साली बुलबुलाची दोन्ही पिल्लं कुणी खाल्ली, माहीत हाय ना? ह्यानंच. अक्कांना सांग एकदा."

"तुम्ही काही सांगू नका," ज्योत्स्नाबाई जरा जोरातच म्हणाल्या. रविकांतांनी दुर्बीण खाली घेतली आणि बायकोकडं बघितलं.

अक्का खरंच रोज येऊ लागल्या. मग त्यांच्या शेजारच्या मंजुषावहिनी येऊ लागल्या. मग वरच्या खोल्यांतल्या पोरी. परीक्षा मे महिन्यात, म्हणून या सगळ्यांना शुभ काय ते आत्ताच बघून ठेवायचं होतं. फाटकापाशी सकाळी चांगली पाच-सहा माणसं उभी राहायची, कुजबुजायची, मोबाइल वर धरायची. ज्योत्स्नाबाईंनी ओट्यावर चार खुर्च्या मांडल्या. आधी प्लास्टिकच्या मांडल्या, मग त्या बऱ्या दिसेनात म्हणून हॉलमधल्या आणल्या. आधणात आलं किसून टाकायच्या, म्हणजे वास फाटकापर्यंत जावा. वास जायचा. माणूस मात्र एक आत येईना.

"आत आलं की उडून जाईल हो," अक्का म्हणायच्या. "हितूनच बरं हाय."

आता पाखरू बुजतं हे खोटं नव्हे. त्यामुळं ज्योत्स्नाबाईंना आशा सोडवेना. इतके दिवस सोमवार होता, शुगर होती. आता निदान खरं कारण आहे, असं त्यांनी मनाला समजावलं. माणूस दारापर्यंत आलंय, उंबरा किती लांब असतो?

मार्च संपता संपता अक्का नातीला घेऊन आल्या. अक्षरा. गेल्या वर्षी नीटमध्ये थोडक्यात हुकली होती, यंदा दुसरी खेप. डोळ्यांखाली काळं, हाताच्या बोटांची नखं कुरतडून कुरतडून आत गेलेली. अक्का तिला कुंपणाच्या फटीतून दाखवायला बघत होत्या. "ते बघ, ते बघ, पपईच्या खाली." पोरगी वाकून वाकून बघत होती आणि तिला दिसत नव्हतं.

"लई दाट झालंय हो तुमचं कुंपण," अक्का कंबर धरून उठत म्हणाल्या. "माझे गुडघे न्हाई वाकत. सिस्टर, भारद्वाजाचा गुण येतोय का हो खरंच? तुमचा काय अनुभव?"

इथं ज्योत्स्नाबाई चुकल्या. त्यांच्या आईबापांनी देव्हारा घराबाहेर काढला होता. शुभ-अशुभ मानायचं नाही, मांजर आडवं गेलं तरी चालत राहायचं, असं त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. दवाखान्यात लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना त्या कडक बोलायच्या. आणि त्याच बाई, फाटकाला धरून, आवाज खाली करून म्हणाल्या, "आता काय सांगू अक्का. आमच्या संघमित्राला नोकरीचं पत्र आलं ना, त्या सकाळी हा असा ओट्यावर येऊन बसला होता."

काही बसला-बिसला नव्हता. पत्र आलं तेव्हा पोरगी पुण्यात होती आणि पाखराचा संबंध नव्हता. पण अक्कांचे डोळे मोठे झाले. त्यांनी पहिल्यांदाच ज्योत्स्नाबाईंच्या मनगटावर हात ठेवला. "मंग एक करा की. हे कुंपण जरा खाली घ्या. कमरेएवढं. म्हंजे रस्त्यावरनं नीट दिसंल. पोरीच्या पेपरच्या दिवशी तिला आणते दर्शनाला. आन् पेपर निपटला की निवांत येते बघा तुमच्याकडं चहाला. बसू, बोलू."

बसू, बोलू. ज्योत्स्नाबाईंना घरात जाऊन काय करावं ते सुचेना.

रविकांतांपुढं हा विषय काढण्यात अर्थ नव्हता. एप्रिलमध्ये त्यांच्या थोरल्या बहिणीचं, धुरपताबाईंचं, नांदेडला मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. रविकांत चार दिवस तिकडं गेले. ते एसटीत बसल्याचा फोन आला आणि ज्योत्स्नाबाईंनी व्यंकटी माळ्याला निरोप धाडला.

व्यंकटी कात्री घेऊन आला, कुंपणाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "बाई, ह्या दिवसांत छाटत नसतेत. ऊन बघा कसं हाय. फुटायचं न्हाई लवकर." ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "तू छाट." त्यानं छाटलं. वरचा हिरवा भाग गेला तसं आतलं दिसलं, नुसत्या वाळक्या काड्या. दाट कुंपण बाहेरून हिरवं आणि आतून पोकळ असतं, तीच त्या पाखराची वाट होती, तीच सावली, तोच आडोसा. एका बाजूला घरट्याचा काटक्यापानांचा मोठा गोळा निघाला. व्यंकटीनं तो उचलून दाखवला. रिकामा होता, जुना. ज्योत्स्नाबाईंनी तो कचऱ्यात टाकायला सांगितला आणि झाडू घेऊन स्वतः रस्ता झाडला. अक्का गच्चीवरून बघत होत्या. "झकास दिसायलंय बघा सिस्टर," असं ओरडून म्हणाल्या, त्यावर ज्योत्स्नाबाई दिवसभर खूश.

रविकांत परत आले. रिक्षातून उतरले ते फाटकाबाहेरच उभे राहिले. पिशवी हातात तशीच. रस्त्यावरून त्यांचं अंगण, ओटा, उघडं दार, आतले फोटो, सगळं सताड दिसत होतं.

"कुणी केलं?"

"मी केलं. लई वाढलं होतं."

"ज्योत्स्ना, खरं बोल."

ज्योत्स्नाबाईंनी खरं सांगितलं. अक्कांचे गुडघे, पोरीचा पेपर, चहा. चहाचं सांगताना त्यांचा आवाज आपोआप लहान झाला. रविकांत कधी चढ्या आवाजात बोलणारे नव्हते. त्या दिवशीही बोलले नाहीत, आणि ते जास्त लागलं. "त्यांना आत यायचं नव्हतं म्हणून तू आपलं घर कापून रस्त्यावर नेलंस," ते म्हणाले. "आता बघू दे त्यांना काय बघायचं ते. पाखरू तर न्हाई यायचं."

"येईल. सवय आहे त्याला."

पाखरू आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. बुलबुल येऊन माठावर बसले आणि पाणी न पिताच गेले. शिंपिणीनं लिंबोणीतलं अर्धं शिवलेलं पान तसंच सोडलं. फाटकापाशी सकाळी माणसं जमत, आता वाकायची गरज नव्हती, सगळं स्वच्छ दिसत होतं आणि बघण्यासारखं काही नव्हतं. मंजुषावहिनी एकदा जाता जाता अक्कांना म्हणाल्या, "लक्ष्मी निघून गेली म्हणा की." ते ज्योत्स्नाबाईंना ऐकू जावं इतक्या आवाजात म्हणाल्या. कुंपण छाटायला कुणी सांगितलं होतं, यावर अक्का एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, "पोरीच्या पेपरला तरी येऊ दे बाई. तुमच्या भरवशावर हाय आम्ही."

तुमच्या भरवशावर! रविकांतांनी हे ऐकलं तेव्हा त्यांना हसू आलं, पण बायकोचं तोंड बघून ते गिळलं.

परीक्षेचा रविवार उजाडला. पेपर दुपारी, पण केंद्रावर लवकर जायचं म्हणून अक्का सकाळीच नातीला घेऊन फाटकाशी आल्या. मंजुषावहिनी होत्या, वरच्या खोल्यांतल्या चार पोरी होत्या. अक्षरा मध्ये उभी. कपाळाला भस्म, हातात पाण्याची पारदर्शक बाटली. दुसऱ्या हाताची नखं ती कुरतडत होती. अंगण रिकामं होतं.

ज्योत्स्नाबाई घरात शिरल्या. रविकांत मागच्या दारी पेपर वाचत होते.

"अहो, तुम्हाला आवाज काढता येतो ना त्याचा. संघमित्राला लहानपणी काढून दाखवायचे."

रविकांतांनी पेपर बाजूला ठेवला. "वेडी झालीस का तू?"

"एकदा काढा. अंगणातल्या टाकीच्या मागं बसून. त्यांना वाटेल कुठंतरी बोलतोय."

"मी, त्या शिवगंगाबाईसाठी, टाकीमागं बसून पाखरासारखं ओरडू? रिटायर माणूस हाय मी ज्योत्स्ना. वीस-वीस वर्षांच्या पोरांना शिकवलंय."

"त्यांच्यासाठी नको. पोरीकडं बघा तरी एकदा. उभं नाही राहवत तिला." पोरीची दया खरीच होती. पण त्या दयेच्या आड दुसरं काय आहे, हे ज्योत्स्नाबाईंनाही ठाऊक होतं आणि नवऱ्यालाही.

रविकांत उठले. खिडकीतून त्यांनी अक्षराकडं बघितलं. परीक्षेच्या हॉलबाहेर असली तोंडं त्यांनी जन्मभर बघितली होती. त्यांनी दुर्बीण गळ्यातून काढून ठेवली, मागच्या बाजूनं वाकत वाकत गेले आणि पाण्याच्या टाकीच्या मागं, चिखलात, उकिडवे बसले. पाय दुखतात म्हणून त्यांनी घरात खुर्चीचा संडास करून घेतला होता. तो माणूस तिथं गुडघे मोडून बसला आणि दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरून त्यानं आवाज काढला. हुप्, हुप्, हुप्, हुप्. खोल, रिकाम्या घागरीतून यावा तसा.

फाटकाशी सगळ्यांनी कान टवकारले. अक्षरानं मान वर केली.

"ऐकलं का?" अक्का म्हणाल्या. "बोलला! दिसला न्हाई तरी चालतंय. बोलला म्हंजे झालं." त्यांनी हात जोडले, पोरीचे हात धरून जोडायला लावले. टाकीच्या मागून पुन्हा आलं, हुप्, हुप्, हुप्. अक्षराच्या तोंडावर थोडा रंग आला. ती हसली. ज्योत्स्नाबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या फाटकापाशी जाऊन म्हणाल्या, "जा बाळ, पेपर चांगला जाईल तुझा." पोरगी त्यांच्या पाया पडायला वाकली, तेवढ्यात अक्कांनी तिला दंडाला धरून वळवलं. "चल चल, उशीर व्हतोय."

रविकांत आत आले तेव्हा त्यांच्या पायजम्याचे गुडघे चिखलानं माखले होते. ते मोरीत गेले आणि बराच वेळ पाय धूत राहिले.

अक्षरा पास झाली. नुसती पास नाही, सरकारी कॉलेज मिळेल असे मार्क. जूनमध्ये निकाल लागला त्या संध्याकाळी क्लासवाल्यांनी गल्लीच्या तोंडाला तिचा भला मोठा फोटो लावला, फटाक्यांची माळ लावली. अप्पा रस्त्यात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून सांगत होते.

दुसऱ्या दिवशी ज्योत्स्नाबाई पहाटे उठल्या. घर पुसलं. सोफ्याची खोळ बदलली. नाश्त्याचा सुशीला करायला मुरमुरे भिजवून पिळून ठेवले, शेंगदाणे भाजून कूट केला, कोथिंबीर बारीक चिरली. अक्कांना कांदा-लसूण चालतो का, सोमवार तर नाही ना, सगळं तपासलं. बुधवार होता. दुधाची पिशवी जास्तीची आणली.

"येणार म्हणून काही निरोप हाय का?" रविकांतांनी विचारलं.

"पेपर निपटला की येते म्हणाल्या होत्या. आता तर निकाल लागला."

रविकांतांनी धुतलेला शर्ट घातला, हे ज्योत्स्नाबाईंनी बघितलं आणि त्यांना नवऱ्याची माया आली.

दहाच्या सुमारास अक्का पेढ्यांचा मोठा डबा घेऊन निघाल्या. ज्योत्स्नाबाई खिडकीशी. अक्का आधी मंजुषावहिनींकडं गेल्या. बेल वाजवली, आत गेल्या, हसण्याचे आवाज आले, बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. मग बालाजी वकिलांकडं. तिथंही आत. मग किराणावाल्यांकडं. ज्योत्स्नाबाईंनी फोडणीचं तेल तापत ठेवलं, हळद हातात घेतली. मग अक्का रस्ता ओलांडून यांच्या फाटकाशी आल्या, तसा ज्योत्स्नाबाईंनी गॅस बारीक केला आणि पदर सारखा करत दाराशी गेल्या.

अक्कांनी बेल वाजवली नाही. फाटकाच्या खांबावर त्यांनी पिंपळाचं पान ठेवलं, त्यावर डब्यातून दोन पेढे काढून ठेवले, डोळे मिटले आणि हात जोडले.

"या अक्का," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "अभिनंदन. या ना आत, सुशीला टाकतेय."

अक्कांनी डोळे उघडले. हसल्या. छान, मोकळं हसल्या. "आत्ता न्हाई ओ. अजून लई घरं राहिली. हे भारद्वाजाला ठेवलं हाय. नवस बोलले होते तसा. तुम्ही हात नका लावू त्याला, नैवेद्य हाय."

ज्योत्स्नाबाई पायऱ्या उतरून फाटकापर्यंत गेल्या. मागं रविकांत दारात येऊन उभे होते. एवढे दिवस पोटात ठेवलेलं ज्योत्स्नाबाईंच्या तोंडून निघून गेलं. "अक्का, त्या दिवशी भारद्वाज नव्हता. हे बसले होते टाकीमागं. यांनी आवाज काढला होता."

ज्योत्स्नाबाईंना वाटलं होतं, आता अक्का चिडतील. फसवलं म्हणतील. रडतील. काहीतरी होईल.

"हाव की. ठाऊक हाय," अक्का म्हणाल्या. "अप्पा गच्चीवर होते तवा. त्यांना वरनं दिसले ना भाऊ, टाकीमागं बसलेले. मी घरी गेल्या गेल्या सांगितलं त्यांनी. म्हणले, बिचारा गुडघे मोडून बसलाय पोरीसाठी. पोरीला न्हाई बोललो आम्ही. लई चांगली माणसं हायत तुम्ही, आम्ही कवा बी म्हणतो."

"मग हा नैवेद्य?"

अक्कांना तो प्रश्नच कळला नाही. "म्हंजे?"

"ओरडले हे. पेढा पाखराला कसा?"

"अहो सिस्टर," अक्का समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "नैवेद्य माणसाला ठेवत असतेत का?"

त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं, हेच वाईट होतं. इतकी वर्षं ज्योत्स्नाबाईंना वाटत आलं होतं की या लोकांना आपण नीट माहीत नाही. एकदा माहीत झालो, एकदा येऊन बसले, आपलं घर, आपला हात, आपलं मन बघितलं, की यांच्या मनातली अढी आपोआप मोडेल. त्यासाठी त्यांनी सुया टोचल्या, अनारसे तळले, कुंपण कापलं, खोटं बोलल्या, नवऱ्याला चिखलात बसवलं. आणि यांना सगळं माहीत होतं. सगळं बघून, चांगली माणसं म्हणून, हे लोक फाटकाशीच उभे होते.

ज्योत्स्नाबाईंनी हात लांब करून खांबावरचा एक पेढा उचलला. "अहो, या इकडं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. रविकांत आले. ज्योत्स्नाबाईंनी तो पेढा नवऱ्याच्या हातावर ठेवला. "घ्या. तुमचा आहे." दुसरा पेढा त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला, अक्कांकडं बघत.

अक्कांचा चेहरा उतरला. "आता काय म्हणावं," त्या पुटपुटल्या. "पाखराचं खाल्लं की हो तुम्ही." डब्याचं झाकण लावून त्या पुढं निघाल्या. पुढच्या घराची बेल वाजली, दार उघडलं, आतून कुणीतरी म्हणालं, "या अक्का, या, बसा." दार लागलं.

रविकांतांच्या हातावरचा पेढा तसाच होता. "तेल जळायलंय," ते म्हणाले. ज्योत्स्नाबाई हलल्या नाहीत. पेढा चांगल्या खव्याचा होता, ताजा, वेलदोडा घातलेला. तो तोंडात तसाच धरून त्या पुढच्या घराच्या लागलेल्या दाराकडं बघत होत्या.